आजीवर पुस्तिका काढायचीय, पण आजोबा बोलतच नाहीत

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मिरजेची आजी अडीच महिन्यांपूर्वी गेली. आजोबा ८४ वर्षांचे, एसटीत कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, मुळात कमी बोलणारे आणि आता तर हो-नाही एवढंच. वर्षश्राद्धाला घरच्यांसाठी छोटी पुस्तिका काढायचं ठरलंय, लिहायचं काम नातू म्हणून तुझ्याकडे आलंय, पण प्रेमळ, कष्टाळू, देवभोळी, सगळ्यांना जीव लावणारी एवढं लिहून झालं की पुढे काही सुचत नाही. आजोबांना बोलतं कसं करू, काय छापू आणि काय नको, असं विचारलंयस.

मी सांगलीत डीटीपी आणि छपाईचं काम करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांची मासिकं हे सगळं असतंच पण घरगुती स्मरणिका हे माझं सगळ्यात आवडीचं काम आहे, त्यासाठी मी घरी जाते, माणसांशी बोलते, फोटो निवडते, मजकूर लिहून देते. म्हणून जरा सविस्तरच सांगते, सवडीने वाच.

सगळ्यात आधी ती विशेषणं सगळी काढून टाक. खोटी आहेत म्हणून नाही, खरीच असतील, पण ती प्रत्येक आजीला लागतात आणि म्हणून तुझी आजी त्यात दिसत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात सगळ्यात जास्त वेळा येणारं वाक्य म्हणजे "सौ.ने आयुष्यभर मोलाची साथ दिली". एका रिटायर मास्तरांनी पत्नीवर लिहून आणलेल्या पानांमध्ये त्यांच्या सगळ्या बदल्या तारखेवार होत्या, कुठल्या गावाला कधी हजर झाले, हेडमास्तर कधी झाले, आणि प्रत्येक बदलीनंतर हेच वाक्य. मी त्यांच्यासमोर बसून एकेका "साथ दिली"पाशी थांबले आणि विचारलं, म्हणजे त्या वेळी त्यांनी नेमकं काय केलं हो? तर एका बदलीच्या वेळी मास्तर पुढे हजर व्हायला निघून गेले होते आणि पाठीमागून बाईंनी एकटीने घराचं सामान बांधलं, दूधवाल्याचं आणि वाण्याचं देणं मिटवलं, दोन्ही पोरांचे शाळेचे दाखले काढले, शिलाई मशीन ट्रकमध्ये चढवायला हमाल जास्त पैसे मागत होता म्हणून त्याच्याशी घासाघीस केली आणि ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून पोरांना घेऊन नव्या गावाला आल्या. मास्तरांना हे सगळं माहीत होतं, फक्त लिहिण्यासारखं आहे असं वाटलं नव्हतं. आमच्या पुस्तिकेत ती बदली दोन पानांची झाली. तूही असंच कर, "आजीने घर सांभाळलं" असं वाक्य आलं की तिथेच थांब आणि विचार की सांभाळलं म्हणजे काय केलं, कुठल्या वर्षी, किती पैशात, कुणाला काय सांगून.

आता आजोबा. "आजी कशी होती हो?" असं विचारलंस तर "चांगली होती" याच्या पुढे गाडी जाणार नाही, कुणाचीच जात नाही, कारण साठ वर्षांच्या संसाराचं एका वाक्यात उत्तर द्यायचं म्हणजे माणूस गप्पच बसणार. प्रश्न लहान पाहिजे, हातात धरता येईल असा. ते एसटीत होते ना, मग पहिला प्रश्न डब्याचा विचार. ड्यूटीला जाताना डबा कुठला असायचा, किती पुडाचा, त्यात काय असायचं, पहाटेची पहिली गाडी असली तर ती किती वाजता उठायची, मुक्कामी गाडी असली तर दोन वेळचं बांधून द्यायची का, भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होऊ नये म्हणून काय करायची. डब्याचं कुणीही सांगतं. त्याच्यात रडू येण्यासारखं काही नाही असं वाटून ते बोलायला लागतील, आणि मग डब्यावरून पगारावर ये. पगार कुणाच्या हातात द्यायचे, ती पहिल्यांदा काय बाजूला काढायची, पोस्टात आरडी होती का, भिशी होती का, कुठल्या डब्यात पैसे ठेवायची, तुम्हाला माहीत नसलेले पैसे तिच्याकडे निघाले असं कधी झालं का. शेवटच्या प्रश्नाला मी बघितलेले जवळपास सगळे आजोबा हसतात. मग घर. जागा कुणी पसंत केली, तिचा दागिना कुठला मोडला किंवा गहाण टाकला, सोडवून आणला का. बोरमाळ नाहीतर पाटल्या गेल्या आणि पोराचं डिप्लोमाचं ॲडमिशन झालं हा आपल्याकडच्या कितीतरी घरांचा इतिहास आहे आणि तो कुठल्याच कागदावर नसतो, फक्त नवरा-बायकोला माहीत असतो, आणि त्यातलं एक माणूस आता गेलंय. म्हणून वर्षश्राद्ध जवळ यायची वाट बघू नको, या आठवड्यात सुरू कर.

वेळ सकाळची चांगली, चहा-नाश्ता झाल्यावर, अर्ध्या तासाच्या वर नाही. संध्याकाळी दिवेलागणीला अजिबात नको, त्या वेळी घर जास्त रिकामं वाटतं. समोर बसून मुलाखत घेतल्यासारखं करू नको, शेजारी बस, हातात काहीतरी काम असू दे, शेंगा सोलायच्या नाहीतर जुने कागद लावायचे. मोबाईल फ्लाइट मोडवर टाक, रेकॉर्डर सुरू कर पण त्यांना सांगून, चोरून नाही, आणि मोबाईल घडी घातलेल्या टॉवेलवर ठेव म्हणजे टेबलाची खडखड येत नाही. पंखा बंद कर, पंख्याचा आवाज आपल्याला जाणवत नाही पण रेकॉर्डिंगमध्ये तोच भरून राहतो. ऐकायला कमी येत असेल तर कानाच्या मशीनचा सेल आधी बघ, मी पाहिलंय की गप्प झाले गप्प झाले म्हणतात आणि माणसाला प्रश्नच ऐकू आलेला नसतो. मधे गप्प झाले तर घाईने दुसरा प्रश्न टाकू नको, तसाच बसून राहा, पुष्कळदा चांगलं ते त्या गप्प बसण्यानंतरच येतं. रडले तर रडू दे, पाण्याचा तांब्या जवळ असला म्हणजे झालं, लगेच रेकॉर्डर बंद करून "जाऊ दे आजोबा नको" असं म्हणू नको, त्याचा अर्थ त्यांना असा लागतो की रडणं चूक झालं. तीच गोष्ट चार वेळा सांगितली तर चारही वेळा ऐक, चौथ्या वेळी एखादा नवा तपशील निघतोच.

या वयाच्या पुरुषांच्या बाबतीत एक गोष्ट मला मनापासून खटकते ती इथे सांगते. बाई नवऱ्याच्या आधी गेली की दारात येणारा प्रत्येक जण म्हणतो, भरल्या कुंकवानं गेली, भाग्याची. पितृपक्षात तिच्यासाठी अविधवा नवमी पाळतात, सवाष्ण जेवायला बोलावतात, हे सगळं रीतीप्रमाणे होतं. पण त्या म्हाताऱ्याच्या बाजूने बघ. त्याचं माणूस गेलंय आणि लोक त्याला सांगतायत की चांगलं झालं, आता त्याने रडायचं कुठल्या तोंडाने? बाईच्या दुःखाला आपल्याकडे जागा असते, शेजारणी येऊन बसतात, गळ्यात पडून रडता येतं. पुरुष कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहतो, लोक येतात, टेकतात, चहा घेतात, जातात, आणि तेराव्यानंतर तेही येईनासे होतात. तुझे आजोबा गप्प आहेत त्याचं कारण स्वभाव असेलच, पण कदाचित कुणी विचारलेलंच नाही हेही असेल. तू पुस्तिकेच्या निमित्ताने विचारतोयस हे फार चांगलं करतोयस, पुस्तिका नंतर कशीही होऊ दे.

आणि याच्याबरोबर लक्ष ठेव. जेवण तुटलंय का, रात्र रात्र जागे असतात का, आंघोळीचा कंटाळा करतात का, बीपी-शुगरच्या गोळ्या वेळेवर जातात का, कारण बऱ्याच घरात गोळ्या आजीच्या लक्षात असतात आणि आजोबांना स्वतःच्या गोळीचा रंगसुद्धा माहीत नसतो. "मी कशाला राहिलो" असं एकदा म्हणणं वेगळं आणि रोज म्हणणं वेगळं, रोज म्हणत असतील, खाणं सोडलं असेल तर वय झालं म्हणून सोडून देऊ नको, डॉक्टरांना दाखव. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये दोन्ही सेव्ह करून ठेवा.

पुढचा भाग जरा अवघड. आजोबांना आजी पूर्ण माहीत असेल असं धरून चालू नको. कंडक्टरची नोकरी म्हणजे आज पहाटेची ड्यूटी, उद्या दुपारची, परवा मुक्कामी गाडी घेऊन कुठल्यातरी खेड्यात झोपलेले, सणासुदीला तर जादा गाड्या म्हणजे दिवाळीला, आषाढीला घरात नाहीतच. त्या रात्री आजी काय करत होती ते आजोबांना ऐकूनच माहीत. पोराला ताप भरला तेव्हा दवाखान्यात कोण गेलं, रात्री दार वाजलं तर काय करायची, हे शेजारच्या काकूंना माहीत असेल, तुझ्या वडिलांना आणि आत्याला माहीत असेल. म्हणून माणसांची यादी कर आणि त्यात नातेवाइकांच्या बाहेरचे घाल. भजनी मंडळातल्या बायका, भिशीतल्या बायका, भाजीवाली, भांड्यांना येणाऱ्या मावशी, डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीत, चटणी कांडायला जिच्याबरोबर जायची ती मैत्रीण. आपल्याकडे उन्हाळ्यात मिरची आणून, वाळवून, देठं खुडून वर्षाची चटणी करायची हे केवढं मोठं काम असतं तुला माहीतच आहे, ब्याडगी किती आणि तिखट मिरची किती यावर बायकांचे पक्के हिशेब असतात, आणि डंकासमोर नंबर लागेपर्यंत ज्या गप्पा होतात तिथे बायका घरात न बोललेलं बोलतात. त्या मैत्रिणीला शोध. ती तुला अशी आजी सांगेल जी घरातल्या कुणालाच माहीत नाही.

मग माहेर. पुस्तिका बहुतेक वेळा लग्नापासूनच सुरू होते, जसं काही बाई बोहल्यावरच जन्माला आली. तिचं माहेरचं नाव काय होतं ते विचार, लग्नात तांदळात नाव लिहून बदललेलं असण्याची शक्यता त्या पिढीत भरपूर आहे आणि नातवंडांना ते नाव माहीत नसतं. तिची बहीण किंवा भावजय हयात असेल तर दुसरं सगळं सोडून आधी तिथे जा. शाळा कितवीपर्यंत, शाळा सोडली की सोडवली, विहिरीवर पोहायला शिकली होती का, खेळ कुठले, कुणाचा मार खाल्ला. जात्यावर दळलेलं असेल तर ओव्या विचार, एका ओवीची सुरुवात आठवली की बहिणी बहिणी पुढच्या आपोआप म्हणायला लागतात, फक्त रेकॉर्डर चालू पाहिजे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावात फिरून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्या आता पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संस्थेच्या साइटवर मराठीत वाचायला आणि काही ऐकायलाही मिळतात. आजीच्या माहेरच्या भागातल्या ओव्या तिथे सापडल्या तर मोबाईलवर लावून तिच्या बहिणीला ऐकव, "आमच्यात अशी नव्हती, अशी होती" म्हणून ती स्वतःची म्हणून दाखवेल. मी हे केलेलं आहे, हमखास होतं.

तारखांचा घोळ होणार, घाबरू नको. आधारवर १ जानेवारी असेल, शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल, दोन्ही बहुधा खऱ्या नसतात, शाळेत नाव घालताना मास्तर १ जून लावून टाकायचे म्हणून त्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी असतो. खरंच शोधायचं असेल तर तिच्या गावच्या प्राथमिक शाळेत जनरल रजिस्टरवरून निर्गम उतारा, म्हणजे शाळेतल्या नोंदीची नक्कल, मिळतो, त्यात माहेरचं नाव असतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४ असतो, जुन्या नोंदी मोडी लिपीत असल्या तर वाचणारा माणूस लागेल. पण एवढं नाही जमलं तरी चालतं, मोठ्या घटनांवरून वर्ष लावता येतं. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा, सांगली-मिरजेकडे त्या पिढीतल्या प्रत्येकाला आठवतो, तेव्हा थोरला किती महिन्यांचा होता ते विचारलं की बाकी जुळतं. १९७२ चा दुष्काळ, तेव्हा मिळणारी लाल मिलो ज्वारी आणि सुकडी. २००५ आणि २०१९ चे पूर. आजोबांना "कुठल्या साली" विचारलं तर सांगता येणार नाही पण "भूकंपाच्या आधी की नंतर" हे लगेच सांगतील, आणि एसटीवाला माणूस असल्यामुळे तेव्हा कुठल्या रूटवर होतो हेही सांगतील.

कागद शोधताना लोक बँकेच्या फायली बघतात, मी भिंतीवरची कॅलेंडरं बघते. कालनिर्णय १९७३ पासून निघतंय आणि आपल्या घरांमध्ये तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहायची पद्धत आहेच. जुनी वर्षं टाकून दिलेली असतात असं वाटतं पण फडताळात कागद म्हणून अंथरलेली, ट्रंकेच्या तळाशी, पुस्तकाला घातलेलं कव्हर म्हणून ती सापडतात. एका घरात कपाटाच्या फळ्यांवरून मला अशी बरीच पानं मिळाली. रोज एक लिटर, मग मधेच मे महिन्यात सलग दोन-दोन लिटर आणि त्या ओळीच्या सुरुवातीला बारीक अक्षरात "पोरं आली", जूनच्या सुरुवातीला परत एक आणि "गेली". गॅस लावल्याची तारीख, दळणाचे पैसे, धाकट्या लेकीच्या नावापुढे "९वा लागला", एका चौकोनात नुसतं "चक्कर". त्या चक्करबद्दल घरात कुणालाच माहीत नव्हतं, तिने सांगितलंच नव्हतं. आम्ही मे महिन्याचं ते एक पान जसंच्या तसं पुस्तिकेत छापलं, आजोबांच्या परवानगीने, आणि त्याखाली काही लिहिलं नाही. आजीचं हस्ताक्षर असं कुठेही असू शकतं, किराण्याची यादी, देवाच्या पोथीचं पहिलं पान, डब्यांवर लावलेल्या चिठ्ठ्या, पाककृतीची वही. शाळा फार झाली नसेल तर सही बघ, पासबुकावरची, आधी अंगठा आणि मग कधीतरी सही सुरू झाली असेल तर ती कुणी शिकवली हे विचार, तो एक अख्खा लेख आहे.

पाककृती घ्यायची असेल तर "अंदाजाने मीठ" असं लिहू नको. तिची मापाची वाटी कुठली ते बघ, सुनेला किंवा आत्याला त्याच वाटीने करायला सांग आणि प्रत्येक जिन्नस टाकायच्या आधी किचनच्या वजनकाट्यावर ठेव. एकच पदार्थ घे, दहा नको.

आता छापायचं काय नाही. माझं स्पष्ट मत सांगते, आजारपण अर्ध्या पानाच्या वर नको. माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात ॲडमिट केलं, व्हेंटिलेटर लावला, डॉक्टर काय म्हणाले, कुणाचा फोन लागला नाही, हे चार-चार पानं असतं कारण ते ताजं असतं, आणि शेवटचे तीन आठवडे आधीच्या ७५-८० वर्षांच्या बोकांडी बसतात. ते लिहायचंच असेल तर लिही, मन मोकळं होतं, पण वेगळ्या वहीत.

वादाच्या गोष्टी मात्र सरसकट काढू नको. भांडणं होतीच. आजोबांचा राग, आठ-आठ दिवस अबोला, सासूचा जाच, एखादं मूल गेलेलं असणं, हे सगळं वगळून लिहिलं की आजी गुळगुळीत होते. गेलेल्या मुलाचं तर अवश्य विचार, पण हळू आणि आजोबांना एकटं असताना, त्याचं नाव ठेवलं होतं का हे विचार. बऱ्याच घरात ते नाव वर्षानुवर्षं कुणी घेतलेलं नसतं आणि पुस्तिकेत एका ओळीत आलं तर म्हाताऱ्या माणसाला बरं वाटतं. माहेरच्या जमिनीचं प्रकरण असेल तर सावध. भावांसाठी हक्कसोड पत्रावर सही करून दिलेली असणं फार कॉमन आहे. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा देणारी दुरुस्ती १९९४ ला झाली पण आधी लग्न झालेल्या मुली त्यात धरल्या नव्हत्या, देशभरात सगळ्या मुलींना हक्क २००५ ला मिळाला, आणि त्यानंतर बहिणींच्या सह्या घ्यायला भाऊ गाडी घेऊन आले असंही पुष्कळ ठिकाणी झालं. आजीने सही केली असेल तर का केली, तिला काय वाटलं, कुणाला काही बोलली का, हे लिहिण्यासारखं आहे, पण आज तिच्या भावांकडे येणं-जाणं असेल तर छापायच्या आधी त्यांना मजकूर दाखव. नावं न घेता, दोष न देता "तिने सही करून दिली आणि त्या दिवाळीला माहेरी गेली नाही" एवढं लिहिलं तरी पुरतं. जे छापल्याने जिवंत असलेल्या कुणाला त्रास होईल ते छापायचं नाही, बाकी सगळं आजोबांना वाचून दाखव आणि ते नको म्हणतील ते काढ, त्यांचा शब्द शेवटचा.

आणखी एक. तुझ्या वडिलांची आई, आजोबांची बायको आणि तुझी आजी या तिघी जुळणार नाहीत. तुला लाडू देणारी आजी तुझ्या वडिलांना उलथन्याने मारत होती असं निघेल, आत्या म्हणेल मला शिकू दिलं नाही, तू म्हणशील मला तर पुण्याला शिकायला तिनेच पाठवलं. जुळवत बसू नको. ज्याचं त्याचं त्याच्या नावाने छाप, एकाच प्रसंगाच्या दोन तऱ्हा आल्या तर दोन्ही शेजारी शेजारी टाक. तुझं स्वतःचं नातू म्हणून दोन पानांच्या वर नको, कारण नातवंडांना आजी मिळते तोपर्यंत तिची सगळी ओढाताण होऊन गेलेली असते.

फोटोचं पटकन सांगते. चिकटपट्टीच्या जुन्या अल्बममधून फोटो ओढून काढू नको, पानासकट स्कॅन कर. फ्रेमच्या काचेला चिकटलेला असेल तर काचेसकट उन्हाची तिरीप नसलेल्या उजेडात फोटो काढ. छोटे फोटो ६०० डीपीआयला स्कॅन कर. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग, फोटो म्हणून आला की बारीक होतो आणि छपाईत फाटतो. आजी बहुतेक ग्रुप फोटोत नसेलच, ती आत वाढत असते, म्हणून फोटोच्या कडा बघ, दारात उभी असलेली अर्धी दिसते. तो अर्धा फोटोही घे. कव्हरवर हार घातलेला पासपोर्ट फोटो नको असं माझं मत आहे, काम करतानाचा एखादा असेल तर तो टाक, पण आजोबांना हारवालाच पाहिजे असेल तर तोच जाईल. प्रत्येक फोटोखाली कोण, कुठे, अंदाजे कधी हे लिही, "एक अविस्मरणीय क्षण" असलं काही लिहू नको. आजोबांसमोर अल्बम ठेवून नावं आत्ताच लिहून घे, मागच्या रांगेतली माणसं त्यांच्याशिवाय कुणालाच ओळखू येणार नाहीत.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप कर, मोबाईलवर केलास तरी चालेल. जुन्या फॉन्टमध्ये केलेलं नंतर उघडत नाही, जोडाक्षरं फुटतात. रेकॉर्डिंग रोजच्या रोज तारीख घालून दोन ठिकाणी ठेव, एक घरच्या पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या गावातल्या कुणाकडे, सांगलीकर म्हणून सांगते, पुरात अल्बम आणि कपाटं सगळं एकदमच जातं. साइज डेमी, म्हणजे पुस्तकाचा एक नेहमीचा आकार, बरा, मधे पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत, ३२ किंवा ४० पानं भरपूर झाली. आतला कागद ८० जीएसएम वजनाचा मॅपलिथो, म्हणजे न चमकणारा साधा छपाईचा कागद, नॅचरल शेड मिळाला तर उत्तम, आणि फोटोंची पानं एकत्र करून १३० च्या गुळगुळीत आर्ट पेपरवर. शे-दीडशे प्रतींना ऑफसेट परवडत नाही, डिजिटलच कर. मजकूर महिनाभर आधी प्रेसला दे आणि प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायची प्रत, घरातल्या दोघांनी वाचा, एकाने फक्त नावं आणि तारखा तपासायच्या, कारण एखाद्या चुलत सुनेचं नाव राहिलं तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं.

आजोबांसाठी एक प्रत वेगळी काढून घे. टाइप १८ पॉइंट, ओळींत मोकळी जागा, कागद चमकणारा नको म्हणजे मोतीबिंदूच्या डोळ्यांना त्रास होत नाही, आणि स्पायरल बाइंडिंग म्हणजे मांडीवर सपाट उघडी राहते. डिजिटलला एकच प्रत वेगळी काढायला खर्च फारसा येत नाही, तुझ्या प्रेसवाल्याला आधीच सांगून ठेव. अडलास तर परत विचार, पहिल्या रेकॉर्डिंगनंतर काय झालं तेही कळव.